प्राणी क्रमांक एक

“हात लावायचा नाही म्हणजे? कुणाच्या अंगणात? ही भिंत कुणी बांधली, तुझ्या मॅडमनं? ही पायरी कुणी बसवली, तुझ्या विद्यापीठानं? आणि ह्याला चौकोन म्हणतेस तू? हा कोपरा बघ, पोरी! माझ्या मेव्हण्याचं तोंडसुद्धा ह्यापेक्षा सरळ आहे!”

समोर कुणी नव्हतं. मिस्त्री एका खुंटीशी भांडत होता.

खुंटी वीतभर उंच. तिला दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर लेकीचं टपोरं अक्षर: ‘निरीक्षण चालू आहे. कृपया हात लावू नये.’ त्याच्या खाली, जरा दबकत लिहिल्यासारखं, बारीक अक्षरात: ‘बाबा, तुम्हीसुद्धा.’

ते ‘तुम्हीसुद्धा’ मिस्त्रीच्या डोक्यात गेलं होतं. बाकीचं त्यानं माफ केलं असतं. (नसतं केलं. पण असं म्हणायची पद्धत आहे.)

झालं होतं असं, की मिस्त्रीची एकुलती एक लेक विद्यापीठात शिकायला गेली. मिस्त्री स्वतः चौथीतून उठून विटा वाहायला लागलेला. त्याच्या मनात होतं, पोरीनं घरांचे नकाशे काढायला शिकावं. बापानं बांधावं, लेकीनं आखावं. पण पोरगी घरी येऊन म्हणाली, “मी इकॉलॉजी घेतलंय.”

“म्हणजे काय?”

“कोण कुणाजवळ राहतं, कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या जिवावर जगतं, ते बघायचं.”

“ते गल्लीतल्या बाया फुकटात बघतात. त्याला विद्यापीठ कशाला?”

त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं मधल्या माणसामार्फत चाललं होतं. मधलं माणूस म्हणजे आई. ती पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली असायची आणि “तुझ्या लेकीला सांग” आणि “आई, बाबांना सांग” यांच्यामध्ये टाके घालायची.

मग एक दिवस पोरीनं मागच्या अंगणात चार खुंट्या ठोकल्या, त्यांना दोरा बांधला आणि जाहीर केलं, की हा एक मीटरचा चौकोन आता वर्षभर असाच राहणार. यात काय उगवतं, काय मरतं, कोण येतं, कोण जातं, ते सगळं ती लिहून काढणार. त्यावर तिला पदवी मिळणार.

“एवढ्या जागेत मी संडास बांधतो,” मिस्त्री म्हणाला. आईनं हे वाक्य पुढं पोचवलं नाही.

अकरा महिने झाले. गवत वाढलं, सुकलं, पुन्हा वाढलं. सकाळी तोंड धुतलं की मिस्त्री मागच्या दारी जायचा आणि त्या चौकोनाकडं बघून मनसोक्त चिडायचा. त्याशिवाय त्याला दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं नाही. चिडायचं कारण गवत नव्हतं, कारण तो कोपरा होता. दोन बाजू बरोब्बर मीटर भरत होत्या, पण कर्ण मारला तर चार बोटांचा फरक. पोरीनं एक खुंटी आत ओढून घेतलेली. गवंड्याच्या घरात, गवंड्याच्या पोरीनं आखलेला चौकोन काटकोनात नाही! उद्या कुणी बघितलं तर काय म्हणेल? (अकरा महिन्यांत तो चौकोन बघायला एक कावळा सोडून कुणी आलं नव्हतं. पण इज्जतीचं तसं नसतं.)

त्या दिवशी पोरगी विद्यापीठाच्या पोरांबरोबर दूर दलदलीत पक्षी मोजायला गेलेली. तीन दिवस येणार नव्हती. मिस्त्रीला काम नव्हतं. हवा मऊ होती. भिंतीवरून ऊन हळूहळू खाली उतरत होतं, जणू त्यालाही कुठं जायचं नव्हतं. अशा सकाळी माणसानं गप्प पडून राहावं. मिस्त्रीनं गुण्या आणला. गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन मापायचा लोखंडी एल. तो त्यानं कोपऱ्यात लावला, आणि फट दिसली.

“नुसती खुंटी चार बोटं बाहेर घेतो,” तो पुठ्ठ्याला म्हणाला. “गवताला तर हात लावत नाही ना? मग झालं तर.”

खुंटी उपटली, चार बोटं बाहेर घेतली आणि हातोडीचे दोन ठोके दिले.

ती जागा मुंग्यांच्या दाराची होती.

पोरीनं खुंटी आत का ओढली होती, ते मिस्त्रीला त्या क्षणी समजलं. म्हणजे आधी पायाला समजलं, मग मांडीला, आणि मग मिस्त्रीला. तो उडी मारून मागं सरायला गेला, पण मागं भिंत होती. म्हणून तो पुढं उडाला. पुढं चौकोन होता. तिथं तो जो नाचला, तसा तो स्वतःच्या लग्नातही नाचला नव्हता.

मुंग्या गेल्या तेव्हा चौकोनात चपलेचे अकरा ठसे होते.

आता ठसे तसेच ठेवायचे तर पोरीला कळणार. म्हणून त्यानं थापी आणली. ठसे पुसावेत, एवढंच मनात होतं. पण थापी फिरवायची तर मधे एक झुबका आडवा येतो. तो काढला. दुसरा आला. तोही काढला. आणि गवंड्याचं एक असतं, अर्धवट गिलावा त्याला बघवत नाही. एक कोपरा गुळगुळीत झाला की बाकीचे तीन कोपरे ओरडायला लागतात. थापी फिरत राहिली. तोंडानं त्याची शीळ सुरू झाली. तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली, तिच्यात त्यानं सगळा पाला टाकून दिला. वर चौकोनावर पाणी मारलं, लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधे.

असा एक मीटर त्या गल्लीत दुसरा नव्हता. गोटी ठेवली असती तर जागची हलली नसती.

मिस्त्री दोन पावलं मागं सरला, कमरेवर हात ठेवले आणि खूश होऊन हाक मारली, “अगं, ये बघायला!”

बायको दाराशी आली. गळ्यात मापाची टेप, तोंडात दोन टाचण्या. तिनं बघितलं. टाचण्या हळूच तोंडातून काढून पदराला लावल्या.

“अहो,” ती म्हणाली, “पोरीचं वर्ष कुठं आहे?”

तेव्हा कुठं मिस्त्रीच्या हातातली थापी खाली आली.

“मी फक्त खुंटी...”

“गवत कुठं आहे?”

“गाडीत.”

“गाडी कुठं आहे?”

मिस्त्रीनं रस्त्याकडं बोट दाखवलं. रस्ता रिकामा होता आणि ऊन त्यावर आरामात पसरलं होतं.

आणि तेवढ्यातच (अशा वेळी फोन कधी उशिरा येत नाही) फोन वाजला. लेक होती. आवाज वाऱ्यात फडफडत होता. दलदलीत पाणी चढलंय, तंबू भिजले, सगळे माघारी निघालेत. उद्या नऊ वाजता ती मॅडमना घेऊनच घरी येतेय. चौकोनाचं बारावं आणि शेवटचं माप मॅडमच्या समोरच घेऊन टाकायचं. ते झालं की प्रबंध छापायला.

“आई, माझा चौकोन बरा आहे ना?”

आईनं चौकोनाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

“एकदम स्वच्छ आहे,” ती म्हणाली.

फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, “अकरा महिने. रोज सकाळी उठून, थंडीत, तापात. एक दिवस चुकवला नाही पोरीनं. तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी मधे टाके घालणार नाही.”

मिस्त्री राग यायची वाट बघत उभा राहिला. राग आला नाही. पोटात फक्त ओलं ओलं, जड जड काहीतरी बसलं, कच्च्या सिमेंटसारखं. राग आला की त्याला सुचायचं. रागाशिवाय काय करायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, “पुन्हा बांधतो.”

“काय?”

“पडलेलं घर बांधतो मी. हे तर गवत आहे. तिनं नकाशा काढलाच असेल की.”

नकाशा होता. अंगणातल्या थर्मामीटरचा आकडा रोज लिहायला म्हणून पोरगी वही आईजवळ ठेवून गेली होती, बिस्किटाच्या डब्यात. जाड पुठ्ठ्याची, कडा मातकट झालेली. आईनं ती उघडली आणि मिस्त्री बघतच राहिला. शेवटच्या पानावर चौकोन होता, बारीक घरांमध्ये विभागलेला, आणि त्यात गोल, लहान, मोठे, प्रत्येकाला नंबर. शेजारी पानाचं चित्र, फुलाचं चित्र, खाली लांबलचक नाव, औषधाच्या बाटलीवर असतं तसलं. काय रेघ होती! पोरीचा हात बापासारखाच होता, कुठं म्हणून थरथरला नव्हता. ‘नकाशे काढ’ म्हणून मी हिच्याशी वर्षभर भांडलो, मिस्त्रीच्या मनात आलं, आणि ही रोज नकाशेच काढत होती.

“हे गोल सरळ रेघेचे,” तो बोट फिरवत म्हणाला, “आणि हे तीन गोल तुटक रेघेचे. चार, नऊ आणि चौदा.”

“तुटक म्हणजे काय? सूची बघा ना पहिल्या पानावर.”

“सूची अडाण्याला लागते. चाळीस वर्षं नकाशे वाचतोय. सरळ रेघ म्हणजे बांधलेलं. तुटक रेघ म्हणजे पुढं बांधायचं आहे, जागा धरून ठेवलेली. हे तिला लावायचं असेल आणि राहून गेलं असेल.”

“गवत कुणी लावतं का, अहो?”

“विद्यापीठात लावत असतील.”

पुढचं पान मुंग्या-किड्यांचं होतं. मिस्त्री अक्षर लावत वाचायचा, एका ओळीला एक चहा संपायचा. म्हणून बायको वाचू लागली. मुंग्या, दोन रांगा. गोगलगायी तीन. कोळी एक, उत्तरेच्या खुंटीवर जाळं. आणि मग ती थांबली.

“वाच की.”

“प्राणी क्रमांक एक,” तिनं वाचलं. “मोठा. एकटा हिंडतो. रोज सकाळी सातच्या सुमारास येतो. चौकोनाभोवती दोन फेऱ्या मारतो. पाय आपटतो. घशातून खरखर आवाज काढतो, कारण अजून समजलेलं नाही. आतलं काही खात नाही. दहा-बारा मिनिटांनी निघून जातो. निरुपद्रवी.”

मिस्त्री ताठ उभा राहिला. “आपल्या अंगणात? सात वाजता? मी तर त्या वेळी तिथंच असतो! मला कसा दिसला नाही?”

बायकोला अचानक ठसका लागला.

“रानडुक्कर असेल,” मिस्त्री म्हणाला. “नाहीतर मोकाट सांड. बघ, बघ, आणखी काय लिहिलंय? मला तोही आणावा लागेल.”

बायकोनं पाणी पिऊन पुढचं वाचलं. वेगवेगळ्या तारखा होत्या. “आज लवकर आला. आज फार चिडलेला. पावसात बाहेर पडत नाही, आडोशाला उभा राहून बघतो.” मग तिचा आवाज जरा खाली आला. “आज पहिल्यांदा वाकून बघितलं. बराच वेळ. मी खिडकीत श्वास धरून उभी राहिले, पळून जाईल म्हणून.”

“भित्रं जनावर दिसतंय,” मिस्त्री म्हणाला.

बायकोनं वही मिटली आणि ती शिवणयंत्राकडं निघून गेली. बराच वेळ यंत्र चालल्याचा आवाज मात्र आला नाही.

मग मिस्त्री कामाला लागला. डोक्याला फडकं, एका हातात टोपली, दुसऱ्या हातात वही. भिंतीच्या कडेनं, गटाराच्या काठानं, टाकीच्या मागं तो चित्रातली पानं शोधत हिंडला. आयुष्यभर ज्याला तो एकाच नावानं ओळखत होता, ‘कचरा’, त्याच्यात एवढे प्रकार? हे केसाळ. हे गुळगुळीत. ह्याचं पान जिभेसारखं, ह्याचं उंदराच्या कानासारखं. एकाच्या देठातून दुधासारखा चीक आला. तो उकिडवा बसून एकेक पान चित्राला लावून बघत होता आणि वेळ कसा गेला, हे त्याला कळलंच नाही.

तुटक गोलांपैकी चौदा नंबरचं शोधताना तो टाकीच्या मागं पोटावर पडला. तिथं ओलसर सावलीत, खिळ्याच्या माथ्याएवढं निळं फूल होतं. एकच. ते त्याच्याकडं बघत होतं. (फूल बघत नसतं, हे मिस्त्रीलाही ठाऊक आहे. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे कुणीतरी बघत होतं खरं.) त्यानं ते मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट उचललं, लेक जन्मली तेव्हा तिला उचललं होतं तसं, कुठं दाबलं जाईल या भीतीनं.

एकेक रोप त्यानं मापानं बसवलं. इतक्या बोटांवर हे, तितक्या बोटांवर ते. तेवीस रोपं. मुंग्यांचं दार त्यानं काडीनं मोकळं केलं, पण मुंग्या रुसलेल्या. म्हणून दोन रांगांच्या जागी साखर टाकली. साखर टाकताना हात आपोआप सरळ सुतात गेला. गोगलगायींनी मात्र छळलं. पहिली ठेवून तो दुसरी आणायला जाई, तेवढ्यात पहिली निघून गेलेली असे. जिन्यांवर पोत्यासह पळणारा माणूस, आणि त्याला गोगलगाय मागं टाकते! शेवटी त्यानं तिघींना कोबीचं एकेक पान दिलं. त्या थांबल्या. पोटापुढं सगळे सारखेच.

आता नुसतं बघायचं उरलं होतं. तो चौकोनाशेजारी पालथा पडला, हनुवटी हातांवर.

ऊन तिरकं झालं होतं आणि गवतातून आरपार येत होतं. इतक्या जवळून त्यानं जमीन कधी बघितली नव्हती, बघितली होती ती फक्त सपाट आहे का ते पाहायला. हे काहीच सपाट नव्हतं. हे गावच होतं. गवताच्या काड्या म्हणजे बांबूच्या परांच्या. त्यांच्यावरून मजूर चढत होते, उतरत होते, डोक्यावर आपल्यापेक्षा मोठं ओझं, आणि मुकादम कुठं दिसत नव्हता. एक कोळी वरून दोरीनं खाली आला, मधेच थांबला आणि लोंबकळला. बारीक वारा आला तरी तो पुन्हा बरोब्बर सरळ. मिस्त्रीचा पितळी ओळंबा एवढा सरळ नव्हता. एका पानावर पाण्याचा थेंब होता आणि त्यात सगळं आकाश उलटं होऊन बसलं होतं, लेव्हलच्या बुडबुड्यासारखं.

त्याला आठवलं, पोरगी चार वर्षांची असताना कामावर बरोबर यायची. वाळूच्या ढिगाशेजारी अशीच पालथी पडायची, तासन्‌तास. तो वरून ओरडायचा, “ऊठ, कपडे मळतात!” ती म्हणायची, “बाबा, इकडं या ना, इथं पण काम चाललंय.” तो कधी गेला नाही. वर विटा होत्या.

डोळे जड झाले. आणि मग तो आत होता. मिस्त्री मुंगीएवढा, पायांत चपला, गवताखालच्या हिरव्या अंधारातून चालला होता. दूरवर कुणीतरी शीळ घालत होतं. वाटेत गोगलगाय भेटली, तिच्या घराचा गोल जिना त्यानं हात फिरवून तपासला. “कुणी बांधलं?” “मीच.” “गुण्या न लावता?” “वाकडंच आहे म्हणून तर मी आत मावते,” गोगलगाय म्हणाली. त्याला हे इतकं पटलं, की तो तिथंच बसला. डोक्यावर निळं फूल छपरासारखं पसरलं होतं. सगळीकडं बारीक बारीक आवाज, जसे झोपलेल्या घरात असतात. कुठंतरी खूप वर, खिडकीत कुणीतरी श्वास धरून उभं होतं.

बायकोनं उठवलं तेव्हा अंधारून येत होतं आणि त्याच्या गालावर गवताचे ठसे उमटले होते.

“सगळं झालं,” तो तिला म्हणाला. “फक्त तो प्राणी राहिला.”

पहाटेच तो काठी घेऊन चौकोनाशेजारी स्टुलावर जाऊन बसला. सहा वाजले. सात वाजले. सव्वासात. कुणी आलं नाही. खिडकीतून बायको अधूनमधून डोकवायची आणि तोंडाला पदर लावून आत जायची. नऊ वाजले आणि फाटक वाजलं.

पोरगी पुढं, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली. मागं मॅडम. मिस्त्रीला वाटलं होतं, मॅडम म्हणजे चष्मा आणि इस्त्री. ही तर रस्ता बांधणाऱ्या बाईसारखी, उन्हानं रापलेली, गळ्यात भिंग. तिनं “नमस्कार मिस्त्री” म्हटलं आणि सरळ जमिनीवर गुडघे टेकले. मिस्त्रीला ती तिथंच आवडली, आणि त्यामुळं पोटातलं सिमेंट जास्तच जड झालं.

मॅडमनं भिंग डोळ्याला लावलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरकत गेली.

“या मुंग्या,” ती म्हणाली, “काटकोनात का वळतायत?”

खरंच वळत होत्या. दोन रांगा सरळ येत, बरोब्बर कोपऱ्यात थांबत आणि शिपायासारख्या वळत. मिस्त्रीनं खाकरून घेतलं.

“शिस्तीच्या आहेत,” तो म्हणाला.

पोरीनं आईकडून वही घेऊन उघडली. नकाशा बघितला, चौकोन बघितला, पुन्हा नकाशा. तिचा चेहरा पांढरा पडला आणि मग हळूहळू उजळला, दिव्याची वात मोठी करावी तसा.

“मॅडम! चौदा नंबर! हे तर मेलं होतं! चार महिन्यांपूर्वी. मी स्वतः तुटक रेघ केली! चार आणि नऊसुद्धा! तिन्ही परत आली!” ती पालथी पडली, नाक फुलाला लागेपर्यंत. “हे फूल गेलं तेव्हा मी रडले होते, मॅडम. आणि बघा ना. आपोआप. कुणी काही न करता. बाबा, इकडं या ना! बघा ना!”

वर्षभरात ती त्याच्याशी पहिल्यांदा सरळ बोलली होती. मधे आई नव्हती.

मिस्त्री खोटं रेटून नेणारा माणूस नव्हता असं नाही. कॉन्ट्रॅक्टरांशी त्यानं आयुष्यभर रेटलं होतं. लेक रागावली असती तर तो वरच्या पट्टीत ओरडला असता आणि निभावून गेलं असतं. पण ती खूश झाली होती, आणि त्या खुशीखाली पाया नव्हता. हे त्याला, गवंड्याला, वरून दिसत होतं.

“मी लावलं,” तो म्हणाला.

“काय?”

“सगळं. काल. आधीचं मी उपटलं, थापी फिरवली, गाडीत घातलं. मग हे लावलं. तुटक रेघ म्हणजे पुढं बांधायचं, असं मला वाटलं. मुंग्यांना साखर आहे. गोगलगायींना कोबी. सगळं माझं आहे. चौकोन सुतात नव्हता म्हणून.”

गोगलगाय कोबी खात राहिली.

पोरगी उठली नाही. तशीच पालथी, हातांत तोंड लपवून. खांदे हलत होते. मिस्त्रीला वाटलं, भिंत असती तर पाडून परत बांधली असती.

“बारावं माप गेलं,” शेवटी मॅडम म्हणाली. आवाज कडक नव्हता, पण गोडही नव्हता. “अकरा आहेत. बाराव्याच्या जागी जे झालं ते जसंच्या तसं लिही. आणि चौकोन मोकळा सोड. काय परत येतं, कुठल्या क्रमानं येतं, ते आणखी सहा महिने बघ. प्रबंध सहा महिने पुढं.”

“सहा महिने,” पोरगी हातांतून म्हणाली.

“जमीन घाई करत नाही.” मॅडमनं भिंग खिशात घातलं. मग मिस्त्रीच्या हातातल्या काठीकडं बघितलं. “आणि ही कशाला?”

“तुमच्या त्या प्राण्याला,” मिस्त्री म्हणाला. “क्रमांक एक. पहाटेपासून बसलोय. कमीत कमी तो तरी खरा दाखवावा म्हटलं. आज आलाच नाही हरामखोर.”

मॅडमनं पोरीकडं बघितलं. पोरीनं तोंडावरचे हात काढले. डोळे लाल होते, नाकाला माती. दारात आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

“आलाय, बाबा,” पोरगी म्हणाली. “काठी घेऊन बसलाय.”

मिस्त्रीनं मागं वळून बघितलं. मागं भिंत होती. त्यानं काठीकडं बघितलं, स्टुलाकडं बघितलं. मोठा. एकटा हिंडतो. पाय आपटतो. घशातून खरखर. तळपायापासून राग निघाला, गुडघ्यापर्यंत आला, कमरेपर्यंत आला. आणि तिथं त्याला ती दुसरी ओळ आठवली, वाकून बघितल्याची, खिडकीत श्वास धरल्याची. राग तिथंच बसला, थकलेल्या मजुरासारखा.

तो पोरीशेजारी खाली बसला. गुडघे वाजले.

“वही घे,” तो म्हणाला. “त्या प्राण्याचं पान काढ. शेवटचा शब्द वाच.”

“निरुपद्रवी.”

“खोड.”

“नोंद खोडत नाहीत, बाबा. शास्त्रात चालत नाही. खाली नवी लिहायची.”

“मग खाली लिही. तारीख घाल. उपद्रवी, असं ठळक लिही.” मिस्त्रीनं घसा साफ केला. तोच तो, खरखर आवाज. “आणि ही हातोडी घे. ती खुंटी चार बोटं आत ठोक, होती तशी. मी सकाळपासून तीनदा बघितलं ठोकून. माझ्या हातानं वाकडं बसत नाही. तू ठोक.”